ऑलिव्हिया डी हॅविलंड: सात वर्षांचा करार सातव्या वर्षी का संपेना?

रीळवाला

ऑलिव्हिया डी हॅविलंड म्हटलं की लोकांना आधी 'गॉन विथ द विंड'मधली मेलनी आठवते, मग एरॉल फ्लिनबरोबरचे तलवारपट आणि शेवटी सख्ख्या बहिणीशी असलेलं हाडवैर. दोन ऑस्कर आणि १०४ वर्षांचं आयुष्य (जन्म १ जुलै १९१६ टोकियो, मृत्यू २६ जुलै २०२० पॅरिस) एवढी शिदोरी असूनही कॅलिफोर्नियातल्या वकिलांना ती आठवते ती एका खटल्यामुळे. माझं घोडं त्या खटल्याच्या हिशेबापाशीच अडलंय.

वॉर्नर ब्रदर्सशी तिचा करार ५ मे १९३६ पासून लागू झाला. मुदत सात वर्षं. म्हणजे ५ मे १९४३ ला तिने नमस्कार करून बाहेर पडायला हवं होतं. स्टुडिओ म्हणाला, बाई, अजून २५ आठवडे बाकी आहेत. ऑगस्ट १९४३ मध्ये ती कोर्टात गेली आणि प्रकरण पूर्ण मिटलं ते फेब्रुवारी १९४५ मध्ये.

आता साधं गणित. ५ मेपासून २५ आठवडे मोजले तर ऑक्टोबर १९४३ च्या अखेरीस ते संपतात. कोर्टात जाताना जेमतेम दोन-अडीच महिने उरले होते! ते मुकाट्याने भरून दिले असते तर दीड वर्षाची कोर्टबाजी वाचली असती. वकिलांवर सुमारे १३ हजार डॉलर गेल्याचं सांगितलं जातं, तेही १९४३-४४ चे डॉलर. हा व्यवहार आतबट्ट्याचा नाही का? की मला काहीतरी दिसत नाहीये?

डोअरकीपर

हाडवैरावर कोण लिहितंय त्याची वाट बघत पहिल्या रांगेत बसलोय.

कोर्टकचेरी

रीळवाला, तुमच्या बेरजेत एक वजाबाकी राहिली आहे, पण तिच्याकडे शेवटी येतो. आधी करार कसा असायचा ते बघू.

'सात वर्षांचा करार' हे नाव फसवं आहे. प्रत्यक्षात तो ५२ आठवड्यांचा करार, आणि पुढे आणखी ५२-५२ आठवड्यांसाठी तो वाढवायचे सहा पर्याय. हे पर्याय वापरायचे की नाही ते ठरवणार फक्त स्टुडिओ. नटी आवडली नाही तर वर्षाअखेर नारळ. आवडली तर ठरलेल्या पगारवाढीवर पुढचं वर्ष, मग दरम्यान तिचे सिनेमे कितीही चालोत. नटीला मधेच बाहेर पडायची सोय नाही.

खरी मेख पुढे आहे, ती निलंबनाच्या कलमात. स्टुडिओने भूमिका दिली आणि नटीने नाकारली, तर ती निलंबित. पगार बंद. किती दिवस? ती भूमिका दुसरी कुणीतरी करून संपवेपर्यंत. एवढ्यावर भागत नाही. तेवढे आठवडे कराराच्या शेपटीला जोडायचे. म्हणजे तुम्ही एका सिनेमाला नाही म्हणालात आणि त्याचं चित्रण दहा आठवडे चाललं, तर दहा आठवड्यांचा पगारही गेला आणि सुटकाही दहा आठवडे लांबली. दंड दोनदा वसूल. शिवाय त्या दहा आठवड्यांत दुसरीकडे काम करायलाही बंदी.

ऑलिव्हियाच्या खात्यावर अशी निलंबनं साठत साठत २५ आठवडे झाली होती.

चहाटळ

म्हणजे पावसामुळे शाळेला मिळालेली सुट्टी रविवारी भरून काढायची, आणि वर त्या दिवशीचा डबाही जप्त.

तिसरी_घंटा

ऑलिव्हियाच्या आधी बेट डेव्हिसने हीच लढाई केली होती, तीही याच स्टुडिओविरुद्ध, १९३६ मध्ये लंडनला. ती हरली. मग १९४४ मध्ये निकाल उलटा कसा लागला? कोर्ट वेगळं म्हणून, की लढाई जोरात होती म्हणून?

कोर्टकचेरी

दोघींचे मुद्देच वेगळे होते. डेव्हिस करार चालू असतानाच इंग्लंडला गेली आणि तिथल्या एका निर्मात्यासाठी काम करायला निघाली. वॉर्नरने तिथल्या कोर्टात मनाईहुकूम मागितला. इंग्लिश कायद्यात १८५२ पासून एक तत्त्व पक्कं होतं: गायिकेला गायला लावता येत नाही, पण दुसऱ्याच्या रंगमंचावर गाऊ नकोस असं सांगता येतं. कोर्टाने तेच लावलं. अभिनय कर असा हुकूम दिला नाही, दुसऱ्यासाठी करू नकोस एवढंच सांगितलं. तिची मुदत संपलेलीच नव्हती, त्यामुळे सात वर्षांचा प्रश्नच उद्भवला नाही.

ऑलिव्हिया मात्र मुदत उलटेपर्यंत थांबली आणि मग एकच प्रश्न घेऊन गेली. कॅलिफोर्नियाच्या कामगार कायद्याचं कलम २८५५ सांगतं की वैयक्तिक सेवेचा करार कामाला सुरुवात झाल्यापासून सात वर्षांपलीकडे कामगारावर लादता येणार नाही. ही सात वर्षं कोणती, भिंतीवरच्या कॅलेंडरची की स्टुडिओच्या हजेरीपटाची?

वॉर्नरचं म्हणणं होतं, प्रत्यक्ष सेवेची सात वर्षं. शिवाय बाईंनी स्वतः काम नाकारलं, त्याचा फायदा त्यांनाच कसा द्यायचा? आणि निलंबनाच्या मुदतवाढीवर त्यांची सही आहेच. वरवर पाहता बिनतोड युक्तिवाद आहे. अपील कोर्टाने ८ डिसेंबर १९४४ ला तो दोन पायऱ्यांत मोडून काढला. सात वर्षं म्हणजे कॅलेंडरची सात वर्षं. आणि हा कायदा लोकहितासाठी केलेला असल्यामुळे खासगी करारावर सही करून कुणाला तो हक्क सोडता येत नाही. पुढे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने फेरतपासणीला नकार दिला आणि विषय संपला.

दुसरी पायरी जास्त महत्त्वाची. ती नसती तर प्रत्येक स्टुडिओने पुढच्या करारात 'मी हा हक्क सोडत आहे' अशी एक ओळ घातली असती की कायदा कागदावरच.

आणि हा कायदा नटांसाठी झालेलाच नव्हता. १८७२ च्या मूळ नागरी संहितेत मर्यादा दोन वर्षांची होती, १९१९ मध्ये पाच झाली, १९३१ मध्ये सात. सर्वसाधारण मजुराला कुणी वेठबिगार करू नये हा हेतू. तिचे वकील मार्टिन गँग यांनी तो नटीला लावून दाखवला.

निळू_न्यू_जर्सी

साक्षीच्या वेळचा एक प्रसंग तिने म्हातारपणी मुलाखतीत सांगितला आहे. स्टुडिओचा वकील तिला चिडवायला बघत होता. लहरी, लाडावलेली नटी न्यायाधीशांसमोर एकदा भडकली की त्यांचं काम झालं असतं. अमुक दिवशी सेटवर यायला तुम्ही नकार दिला, हे खरं ना, असं त्याने दरडावून विचारलं. ती शांतपणे म्हणाली की नकार दिला नाही, असमर्थता कळवली. शब्दाचा खेळ वाटेल, पण 'नकार' म्हणजे करारभंग, आणि असमर्थता कळवणं म्हणजे करारातच लिहिलेला, दंड भरून घेतलेला मार्ग. तिने गृहपाठ करून उत्तर दिलं होतं.

पडद्यामागचा

भूमिका नाकारण्याचं कारण सांगितल्याशिवाय हे चित्र पुरं होत नाही.

१९३४ मध्ये नाट्यदिग्दर्शक माक्स राइनहार्टने हॉलिवूड बोल या खुल्या रंगमंचावर शेक्सपिअरचं 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम' उभं केलं. हर्मियाच्या भूमिकेसाठी ही बदली नटीचीही बदली होती. वरच्या दोघी गळाल्या आणि १८ वर्षांची मुलगी थेट रंगमंचावर. त्याच नाटकाच्या १९३५ च्या चित्रपटात वॉर्नरने तिला घेतलं. म्हणजे सुरुवात शेक्सपिअरपासून, आणि पुढे काम काय, तर घोड्यावरून येणाऱ्या नायकाची खिडकीत उभं राहून वाट बघणं. फ्लिनबरोबर आठ चित्रपट, 'कॅप्टन ब्लड' (१९३५) ते 'दे डाइड विथ देअर बूट्स ऑन' (१९४१).

आता यादी दुसऱ्या बाजूने बघा. खटल्याआधी तिला ऑस्करची दोन नामांकनं मिळाली, मेलनीसाठी आणि 'होल्ड बॅक द डॉन'साठी (१९४१). पहिला सिनेमा निर्माता सेल्झनिकचा, दुसरा पॅरामाउंट स्टुडिओचा. दोन्ही वेळा वॉर्नरने तिला उसनी दिली होती. घरच्या स्टुडिओत नामांकन एकही नाही!

मेलनीसाठी तर स्टुडिओचा मालक जॅक वॉर्नर तिला सोडायलाच तयार नव्हता. तिने त्याच्या बायकोला, अ‍ॅनला, ब्राउन डर्बी रेस्तराँमध्ये चहाला बोलावलं आणि तिच्याकरवी नवऱ्याला वळवलं. कराराचं कलम जिथे हलत नव्हतं तिथे चहाने काम केलं.

उसनवारीचा हिशेबही विचित्र असे. दुसरा स्टुडिओ नटीसाठी जी रक्कम मोजे ती तिच्या मालकाला. नटीला तिचा ठरलेला आठवड्याचा पगार. मधला फरक मालकाच्या खिशात.

अर्धा_आणा

थोडी दुसरी बाजू. वॉर्नरला इतकंही बडवू नका. 'द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड' (१९३८) वर त्यांनी सुमारे २० लाख डॉलर ओतले, तोवरचा त्यांचा सगळ्यात महागडा सिनेमा. तीन पट्ट्यांच्या टेक्निकलरमध्ये तिचा चेहरा जसा दिसला तसा पुढे क्वचितच दिसला. तिने केलेली मरियन बावळट नाही, रॉबिनच्या टोळीला निरोप पोचवणारी, सिनेमातल्या खटल्यात ताठ उभी राहणारी आहे. नटी घडवायला पैसा आणि धोका स्टुडिओचा, आणि नाव झालं की नटी निघाली, ही तक्रार अगदीच पोकळ नव्हती.

दुसरं, 'ऑलिव्हियाने स्टुडिओ पद्धत मोडली' असं जे सर्रास लिहिलं जातं ते अती आहे. स्टुडिओंचा कणा मोडला १९४८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या पॅरामाउंट निकालाने, ज्यानंतर त्यांना आपली थिएटरं विकावी लागली. थिएटर हातात नाही म्हणजे खपाची हमी नाही. हमी नाही तर दीडशे नटांना वर्षभर पगारावर पोसायचं कशाला? त्यात टीव्ही आला. करार आपोआप आखूड झाले.

पडद्यामागचा

मरियनबद्दल मान्य. १९४८ बद्दल अर्धं मान्य. पॅरामाउंट निकालाने स्टुडिओला करार नकोसे झाले, ऑलिव्हियाच्या निकालाने नटांना ते सोडता येऊ लागले. दारं दोन आहेत. आणि तिचं दार तीन वर्षं आधी उघडलं. युद्धावर गेलेल्या नटांना त्याचा लगेच फायदा झाला. सैन्यातली वर्षं शेपटीला जोडली असती तर परत आल्यावर जुन्याच पगारावर राबावं लागलं असतं. नट जेम्स स्ट्युअर्ट सैन्यातून परतला तो आपल्या जुन्या एमजीएम स्टुडिओकडे न जाता मोकळा राहिला, आणि तिचे आभार मानत राहिला.

डोअरकीपर

बहिणीवर अजून कुणीच नाही? रांग सोडू का?

साखरांबा

घ्या. जोन फाँटेन ऑलिव्हियापेक्षा सव्वा वर्षाने धाकटी, जन्म टोकियोचाच. आई दोघींना घेऊन कॅलिफोर्नियात सॅराटोगाला राहिली, वडील जपानला परतले. 'फाँटेन' हे सावत्र वडिलांचं आडनाव. घरात डी हॅविलंड एकच पुरे, असा तिढा. (विमानवाले जेफ्री डी हॅविलंड हे त्यांचे चुलत नात्यातले.)

१९४२ च्या ऑस्करला दोघी एकाच गटात. ऑलिव्हिया 'होल्ड बॅक द डॉन'साठी, जोन 'सस्पिशन'साठी. जिंकली जोन. १९४७ मध्ये ऑलिव्हियाला 'टू ईच हिज ओन'साठी मिळालं, तेव्हा अभिनंदन करायला पुढे आलेल्या जोनकडे तिने पाठ फिरवली, आणि फोटोग्राफर नेमका तिथेच उभा. मुख्य भूमिकेचं ऑस्कर मिळवणाऱ्या सख्ख्या बहिणी आजही या दोघीच.

जोनच्या सांगण्यानुसार 'गॉन विथ द विंड'चा सुरुवातीचा दिग्दर्शक जॉर्ज कुकरने मेलनीसाठी आधी तिला बोलावलं होतं आणि तिनेच मोठ्या बहिणीचं नाव सुचवलं. मोठीने हे कधी कौतुकाने सांगितल्याचं ऐकिवात नाही.

चहाटळ

घरात भाऊबंदकी, बाहेर कूळकायदा. कोकणात जन्मायची ती चुकून टोकियोत जन्मली.

मोडीवाचक

थोडं अवांतर. 'द चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड' (१९३६) आपल्याकडच्या लोकांनी एकदा तरी बघावा, आणि दात-ओठ खात बघावा. दिग्दर्शक मायकल कर्टिझ. ऑलिव्हिया दोन भावांच्या कात्रीत सापडलेली एल्सा. पण अर्धा सिनेमा हिंदुस्थानात. 'सुरिस्तान' नावाचं काल्पनिक राज्य, सुरत खान नावाचा अमीर आणि चुकोटीचा किल्ला. किल्ल्यातल्या इंग्रजांना सुखरूप जाऊ देण्याचं वचन देऊन सुरत खान त्यांची कत्तल करतो. हा सरळसरळ कानपूरचा सतीचौरा घाट आहे, जून १८५७. नानासाहेब पेशव्यांच्या नावाने इंग्रजी साहित्यात जे भूत उभं केलं गेलं, त्यालाच इथे फेटा बदलून आणलंय.

गंमत म्हणजे सिनेमाच्या शेवटी येणारी क्रिमियन युद्धातली बालाक्लाव्हाची घोडदौड प्रत्यक्षात झाली २५ ऑक्टोबर १८५४ ला. म्हणजे या सिनेमात १८५७ च्या कत्तलीचा सूड १८५४ मध्ये उगवला जातो!

रीळवाला

त्याच सिनेमातल्या घोड्यांचं प्रकरणही लिहा कुणीतरी.

मोडीवाचक

घोडा धावता धावता हमखास पाडण्यासाठी 'रनिंग डब्ल्यू' नावाचा फास वापरत. घोड्याच्या पुढच्या पायांना कडी, त्यातून ओवलेली पोलादी तार खोगिराखालच्या पट्ट्यातून मागे नेऊन जमिनीत पुरलेल्या खुंट्याला बांधायची. तारेची लांबी संपली की पुढचे पाय मागे ओढले जातात आणि घोडा तोंडावर आपटतो. स्वार आधीच तयार असतो, कारण तार कुठे संपणार हे त्याला माहीत. घोड्याला नसतं. त्यामुळे मान आणि पाय मोडतात. त्या सिनेमात इतके घोडे मेले की गदारोळ झाला, आणि पडद्यावर जनावरं वापरण्याचे नियम कडक होण्यामागे या चित्रणाचाही हात आहे. फ्लिनही त्यावरून भडकला होता.

तिसरी_घंटा

नटीकडे परत येऊ या. खटल्यानंतर तिने काय केलं, ते बघितलं की रीळवाला यांच्या आतबट्ट्याचं उत्तर मिळतं.

१९४६ मधला 'द डार्क मिरर' घ्या. दिग्दर्शक रॉबर्ट सिओडमाक. जुळ्या बहिणी, रूथ आणि टेरी. त्यातली एक खुनी. दोन्ही भूमिकांत ऑलिव्हिया (बहिणींचा विषय तिला कुणी सुचवला कोण जाणे). त्या काळी दुहेरी भूमिकेची पद्धत म्हणजे कॅमेरा घट्ट खिळवायचा, काचेपुढे अर्धी बाजू झाकायची, एका बहिणीचं चित्रण करायचं. मग फिल्म मागे गुंडाळून दुसरी अर्धी बाजू झाकायची, कपडे बदलून दुसऱ्या बहिणीचं. बिघडायला कारणं ढीगभर. दोन वेळांमध्ये कॅमेरा केसभर हलला तर मधल्या रेषेवर टेबल तुटलेलं दिसतं. दिव्याचा उजेड बदलला तर भिंत दोन रंगांची. नटीचा हात रेषेपलीकडे गेला तर कापला जातो. म्हणून ती रेषा दाराच्या चौकटीवर किंवा पडद्याच्या कडेवर बसवत. पाठमोऱ्या चित्रणात दुसरीच बाई उभी करत. आणि समोर कुणी नसताना संवादाचं अंतर मनात मोजून बोलायचं, ते वेगळंच.

ही झाली यंत्राची करामत. पण सिनेमा बघताना तुम्हाला कोणती कोण ते गळ्यातल्या नावाच्या दागिन्याशिवायही थोड्या वेळात कळू लागतं. टेरी समोरच्याकडे अर्धा क्षण जास्त रोखून बघते. ही करामत तिची.

साखरांबा

'द स्नेक पिट' (१९४८) राहिला. मनोरुग्णालयातल्या बाईची गोष्ट, दिग्दर्शक अनातोल लिटव्हाक. चित्रणाआधी त्याने नटांना खऱ्या मनोरुग्णालयांत नेलं. तिने विजेचे झटके आणि पाण्यात बुडवून ठेवण्याचे उपचार प्रत्यक्ष पाहिले, वजन उतरवलं. पडद्यावर तिचे केस तेलकट, चेहऱ्यावर रंग नाही, आणि डोळ्यांखाली काळं. तलवारपटांच्या काळात वॉर्नरच्या रंगभूषाकाराने असं दहा मिनिटंही फिरू दिलं नसतं. न्यूयॉर्कच्या समीक्षकांचं पारितोषिक आणि १९४९ चं व्हेनिसचं, दोन्ही यासाठी. ऑस्कर हुकलं.

तिसरी_घंटा

आणि 'द हेअरेस' (१९४९). ब्रॉडवेवर नाटक बघून तिनेच विल्यम वायलरकडे शब्द टाकला. लक्षात घ्या, करारातली नटी असं करूच शकत नव्हती. गोष्ट आणायची, दिग्दर्शक निवडायचा, हे मालकाचं काम.

त्यातला जिना बघा. कॅथरीन पेटी भरून खाली प्रियकराची वाट बघत बसते. तो येत नाही. पहाटे ती तीच पेटी घेऊन जिना चढते. वायलरने एकामागून एक टेक घेतले, काही जमेना. शेवटी लक्षात आलं की पेटी रिकामी आहे. त्याने ती जड पुस्तकांनी भरायला लावली. आता जे पडद्यावर आहे त्यात खांदा खरोखर ओढला जातो, पायरीवर पाऊल टेकायला वेळ लागतो. दुःखाचा अभिनय करायला लागलेलाच नाही, वजनाने तो करून घेतला. (ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते, पेटी तिने आधी वायलरच्या दिशेने भिरकावली होती की नाही यावर मात्र सांगणाऱ्यांचं एकमत नाही.)

आवाजही ऐका. पहिल्या भागात कॅथरीनचा आवाज वरच्या पट्टीत, वाक्याच्या शेवटी तुटणारा. बापाशी तोंड देण्याच्या प्रसंगापासून तो खाली उतरतो आणि परत वर जात नाही. शेवटी दाराला अडसर, हातात दिवा, बाहेर माँटगोमेरी क्लिफ्ट दार बडवतोय आणि ती त्याच जिन्याने वर चाललीय. या वेळी ओझं नाही. दुसरं ऑस्कर याचंच.

अर्धा_आणा

'द हेअरेस'पुढे हात टेकले. माझं मरियनचं वकीलपत्र मागे घेतो.

कोर्टकचेरी

आपल्याकडचा एक धागा जोडतो, कारण तो खरंच जोडलेला आहे. १९३९ मध्ये शांता आपटे पुण्यात प्रभातच्या दारात उपोषणाला बसल्या. वाद कराराचा आणि पैशांचाच. 'कुंकू' येऊन दोनच वर्षं झाली होती, प्रेक्षक त्यांच्यावर जीव टाकत होते, पण कायद्याची अशी तरतूद हाताशी नव्हती. ऑलिव्हियाच्या चार वर्षं आधी! दुसऱ्या वर्षी त्यांनी 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक लिहिलं.

आजही आपल्याकडे सात वर्षांची मर्यादा नाही. करार चालू असताना 'दुसरीकडे काम करणार नाही' ही अट आपली न्यायालयं मान्य करतात, १९६७ च्या गोलिकरी खटल्यापासून ते ठरलेलं आहे. करार संपल्यानंतरची तशी अट मात्र करार कायद्याच्या कलम २७ पुढे टिकत नाही. मधली फट, म्हणजे करारच वर्षानुवर्षं लांबवत नेणं, तिला थेट कलम नाही.

निळू_न्यू_जर्सी

अमेरिकेत त्या निकालाचं भांडण पुढे गाण्यांच्या कंपन्यांत गेलं. १९८७ मध्ये कलम २८५५ ला एक पोटकलम जोडलं गेलं: गायक सात वर्षांनी निघून जाऊ शकतो, पण ठरलेल्या ध्वनिमुद्रिका दिल्या नसतील तर कंपनी नुकसानभरपाई मागू शकते. २००८ मध्ये गायक-नट जॅरेड लेटोच्या बँडवर कंपनीने ३ कोटी डॉलरचा दावा लावला, तेव्हा बँडने हाच जुना निकाल पुढे केला. नंतर तडजोड झाली.

आणि बाई स्वतः २०१७ मध्ये, १०१ व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, परत कॅलिफोर्नियाच्या कोर्टात! एका मालिकेत आपल्याला न विचारता आपलं पात्र दाखवलं, बहिणीबद्दल तोंडी नको तो शब्द घातला, म्हणून. मार्च २०१८ मध्ये अपील कोर्टात हरली. पहिल्या विजयानंतर ७४ वर्षांनी.

डोअरकीपर

बहिणीसाठी दोन वेळा बातमीत. पैसे वसूल.

रीळवाला

सगळ्यांचे आभार, पण कोर्टकचेरी, ती वजाबाकी राहिली हो.

कोर्टकचेरी

हो, येतो. तुम्ही २५ आठवडे स्थिर धरलेत. ते स्थिर नव्हते. त्या २५ आठवड्यांत स्टुडिओ तिला काहीही देऊ शकत होता. तिने ते नाकारलं की नवं निलंबन, ते शेपटीला जोडलं, की शेपूट परत लांब. समजा २५ पैकी २० भरले आणि एक भूमिका नाकारली, तिचं चित्रण बारा आठवड्यांचं. उरले पाचचे सतरा. म्हणजे करार संपवायचा एकच मार्ग: समोर येईल ते निमूट करणं. आणि त्या काळात केलेले वाईट सिनेमे तिच्या बाजारभावातून कायमचे वजा होणार. अंत तिच्या हातात नव्हता, म्हणून तिने कॅलेंडर मागितलं.

खर्च मात्र तुम्ही म्हणता तितका होताच, किंबहुना जास्त. निकाल प्रलंबित असताना वॉर्नरने इतर स्टुडिओंना पत्रं पाठवून तिला काम देऊ नका असं बजावलं होतं, त्यामुळे सिनेमा हाती नाही. ती त्या काळात सैनिकी रुग्णालयांत जखमींना भेटत फिरली, अलास्काजवळच्या अल्यूशन बेटांपासून फिजीपर्यंत. १९४६ मध्ये मात्र तिचे एकदम चार सिनेमे पडद्यावर आले.

पडद्यामागचा

त्या चारांतला एक वॉर्नरचाच बरं का. 'डिव्होशन', ब्राँटी बहिणींवरचा, ती शार्लट. चित्रण १९४२-४३ मधलं, डबे तीन वर्षं कपाटात. ती जिंकून बाहेर पडल्यावर काढला, आणि नामावळीत तिचं नाव टाकलं तिसऱ्या क्रमांकावर, आयडा लुपिनो आणि पॉल हेनरीडच्या खाली.

चहाटळ

२५ आठवडे असे वसूल केले होय.

डोअरकीपर

परत बहिणींचाच सिनेमा! मी उठत नाही.